आयोवातल्या शेतकरी व्याह्यांवर मराठीत स्मरणलेख लिहायचा आहे: काय घ्यावं, काय टाळावं?

पंचवटीकर:

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाचे व्याही, म्हणजे पुतण्याचे सासरे, अमेरिकेत आयोवा राज्यात शेती करत होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते वारले. तिकडचे विधी पार पडले. सूनबाई आता नाशिकला परत आली आहे. आपले वडील कोण होते, कसे होते, हे इथल्या माणसांना कळावं अशी तिची फार इच्छा आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला गंगापूर रोडवर छोटी स्मरणसभा ठेवली आहे. येणारे बहुतेक निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचे नातेवाईक आहेत, द्राक्ष, कांदा, मका करणारे. त्यांच्या हाती द्यायला चार पानांची मराठी पुस्तिका करायची आहे.

हाताशी आहे ती तिकडच्या गावच्या वर्तमानपत्रातली इंग्रजी मृत्युवार्ता आणि पंचवीसेक फोटो. विहीणबाई फोनवर बोलायला तयार आहेत. मृत्युवार्तेतले मुद्दे असे: जन्म १९४८. १९६८ ते १९७० लष्करात. १९७१ साली लग्न. वडील आणि भावाबरोबर शेती, एकूण ४२० एकर. त्यातली १६० एकर आजोबांपासूनची, ८० एकर १९७९ मध्ये घेतलेली, बाकी खंडाने. पिकं मका आणि सोयाबीन. डुकरंही पाळत, ती १९९८ मध्ये बंद केली. को-ऑपच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या, संचालक मंडळावर होते. एक मुलगा, दोन मुली, सात नातवंडं. ते गेले तेव्हा सोंगणी अर्ध्यावर होती, ती शेजाऱ्यांनी कंबाइन (कापणी-मळणीची यंत्रं) आणून पुरी केली.

शंका तीन. मृत्युवार्ता जशीच्या तशी उतरवावी का? ४२० एकर वाचून आपली माणसं त्यांना जमीनदार समजतील, ते कसं टाळावं? आणि सभेत कोणते विधी शोभतील?

शब्दशोधक:

वाक्यागणिक उतरवू नका. तिकडच्या मृत्युवार्तेचा एक ठरलेला साचा असतो, तसा आपल्याकडच्या निधनवार्तेचाही असतो. मजकूर काढून घ्या आणि आपल्या साच्यात बसवा.

'सर्व्हाइव्ड बाय' म्हणजे 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन मुली, सात नातवंडे असा परिवार आहे', एवढंच. 'प्रिसीडेड इन डेथ बाय' ही त्यांच्या आधी गेलेल्यांची यादी असते. आपल्याकडे ती देत नाहीत म्हणून गाळू नका. तान्हेपणी गेलेलं मूल, अपघातात गेलेला भाऊ अशी नावं त्याच यादीत असतात, आणि घरच्यांसाठी ती ओळ सगळ्यात जड असते. मुलीच्या नावापुढे कंसात पुरुषाचं नाव दिसलं तर तो जावई. भाषांतर करणारे पुष्कळदा ते टोपणनाव समजतात.

'सेलिब्रेशन ऑफ लाइफ' असं कुठे छापलं असेल तर 'जीवनाचा उत्सव' लिहू नका. आपल्या कानाला ते विचित्र लागतं. 'स्मरणसभा' पुरे. 'व्हिजिटेशन' म्हणजे दफनाच्या आदल्या संध्याकाळी अंत्यदर्शनासाठी ठेवलेले दोन-चार तास. लोक रांगेने येतात आणि कुटुंबातल्या प्रत्येकाशी हात मिळवून दोन शब्द बोलतात. 'पॉलबेअरर' म्हणजे शवपेटी उचलणारे, बहुधा सहाजण, नातू किंवा पुतणे. 'खांदेकरी' हा शब्द चालेल, फक्त पेटी खांद्यावर घेतात असं लिहू नका. बहुतेक ठिकाणी ती कडेच्या दांड्यांना धरून नेतात.

नात्यांची अडचण मोठी आहे. इंग्रजीत 'अंकल' हा काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा यांपैकी कोणीही असतो. 'ब्रदर-इन-लॉ' हा मेहुणा, साडू, दीर किंवा बहिणीचा नवरा असू शकतो. अंदाजाने काही लिहू नका. मृत्युवार्तेतल्या प्रत्येक नावापुढे सूनबाईकडून एकदा नातं लिहून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण छापून झाल्यावर कळलं तर चुकीच्या नात्याने लिहिलेली मावशी कायम तशीच राहते.

आडनावाचा उच्चारही तिच्याकडूनच घ्या. आयोवात जर्मन, नॉर्वेजियन, डच, चेक वळणाची आडनावं भरपूर आहेत. स्पेलिंग बघून देवनागरीत उतरवलेला उच्चार बहुधा चुकतो, कारण गावाने तो आपल्या जिभेला सोपा करून घेतलेला असतो.

'मिडवेस्ट'चं 'मध्यपश्चिम' करण्यातही अर्थ नाही. नकाशात ते भलतीकडे शोधलं जाईल. 'मिडवेस्ट' असंच लिहा आणि पुढे एक वाक्य द्या: अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातली, जनगणना खात्याने एका गटात धरलेली ओहायोपासून नेब्रास्का-कॅन्ससपर्यंतची १२ राज्यं, आणि आयोवा त्यांच्या साधारण मधोमध.

मळेकरी:

शेतीचा भाग मी घेतो. तुमच्या वाचकांना मका कळतो, कर्ज कळतं, वजनकाटा कळतो. तिकडची परिस्थिती त्यांच्या मापात मांडली की जमीनदाराचा गैरसमज आपोआप जाईल.

आधी जमीन. तिकडे मोजणी चौकोनांची आहे. १७८५ च्या कायद्याने एक मैल बाय एक मैल असे चौकोन आखले. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा, त्याला 'सेक्शन' म्हणतात. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. तुमच्या व्याह्यांची आजोबांपासूनची जमीन म्हणजे बहुधा असा एक पूर्ण चौथा हिस्सा: अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद, म्हणजे साधारण ८०० बाय ८०० मीटर. कडेकडेने फेरी मारली तर सव्वातीन किलोमीटर भरतात. हे एक वाक्य पुस्तिकेत घाला, निफाडच्या माणसाला वावर डोळ्यांपुढे दिसेल. '१६० एकर सरकारने फुकट दिली' असं मात्र लिहू नका. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात १६० एकर मिळत हे खरं, पण आयोवातली पुष्कळ जमीन त्याआधीच विकली गेली होती. आजोबांनी ती घेतली, वारशाने आली की सासऱ्याकडून मिळाली, हे विहीणबाईंना विचारा.

आता ४२० एकर. आयोवात सरासरी शेतच साडेतीनशे एकरांच्या आसपास असतं. म्हणजे हे मध्यम शेतकरी कुटुंब. गडी नाहीत, बाप, मुलगा, भाऊ आणि यंत्रं. त्यातही १८० एकर खंडाची, म्हणजे मालकी निम्म्याहून थोडी जास्त. खंड दोन तऱ्हेचा असतो. एक रोख, एकरी ठरलेली रक्कम. दुसरा पिकाच्या वाट्याचा, ज्याला आपण बटाई किंवा अर्धेली म्हणतो. कोणता होता ते विचारून घ्या. बटाई म्हटलं की आपला माणूस लगेच समजतो.

उत्पन्न बुशेलमध्ये असेल. बुशेल हे मूळ मापाचं एकक आहे, पण व्यवहारात ते वजनाने धरतात आणि पिकानुसार ते बदलतं. मक्याचा बुशेल ५६ पौंड, म्हणजे २५.४ किलो. सोयाबीनचा ६० पौंड, म्हणजे २७.२ किलो. एकरी २०० बुशेल मका म्हणजे सुमारे ५१ क्विंटल, आणि ६० बुशेल सोयाबीन म्हणजे सोळा क्विंटलच्या आसपास. मक्याला ढोबळ हिशेब सोपा आहे: बुशेलला चारने भागा, क्विंटल येतात. सोयाबीनला तो हिशेब लावू नका, फरक पडतो.

आणि हा मका कणसं भाजून खायचा नव्हे. दाण्याला वरून खळगी पडते तो कडक पिवळा मका, जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाणारा. आपल्याकडे पोल्ट्रीला जातो तसाच. 'स्वीट कॉर्नचे मळे' असं चुकूनही लिहू नका.

वर्षाचं चक्र आपल्यापेक्षा पार वेगळं. पीक एकच. डिसेंबर ते मार्च जमीन गोठलेली. माती १० अंश सेल्सिअसला आली की पेरणी, एप्रिलअखेर ते मेचा मध्य. तासात ३० इंच अंतर, बी दोन इंच खोल, एकरी तीस ते पस्तीस हजार दाणे. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर सोंगणी. म्हणजे दिंडोरीला द्राक्षाची खरड छाटणी चालू असते तेव्हा तिकडे पेरणीची घाई, आणि इकडे गोडी छाटणी होते तेव्हा तिकडे कंबाइन रात्री अकरापर्यंत दिवे लावून चालतं. तुमचे व्याही ऐन त्या दिवसांत गेले. द्राक्षवाल्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

पाण्याची गोष्ट आपल्या उलटी आहे. बहुतेक ठिकाणी विहीर नाही, ठिबक नाही, पाऊस पुरतो. तिथे अडचण असते पाणी काढून लावण्याची. उत्तर-मध्य आयोवाचा मोठा पट्टा मुळात दलदलीचा होता. साधारण मीटरभर खोल सच्छिद्र नळ्या गाडून तो पिकाखाली आणला. आधी भाजलेल्या मातीच्या, आता प्लॅस्टिकच्या. त्यांना 'टाइल' म्हणतात. मृत्युवार्तेत किंवा बोलण्यात 'टाइल टाकली' आलं तर ती घरातली फरशी नव्हे. वसंतात ट्रॅक्टर रुतायचा थांबतो आणि मुळांना हवा मिळते, ती या नळ्यांमुळे. एखाद्याने चाळीस वर्षांत आपलं सगळं वावर टाइल केलं असेल तर ते त्याच्या आयुष्याचं मोठं काम धरा.

अशीच फसवी बोली आणखी आहे. 'एलेव्हेटर' म्हणजे लिफ्ट नव्हे, धान्याची उंच कोठारं आणि खरेदी केंद्र, पुष्कळदा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. को-ऑप बहुधा तेच. तिथे गाडी काट्यावर जाते, ओलावा मोजतात. मका पंधरा टक्क्यांच्या वर ओला असेल तर भावात कपात. लासलगावसारखा लिलाव नसतो, शिकागोच्या बाजारावरून ठरलेला दर फळ्यावर लागलेला असतो. घरीही पत्र्याच्या गोल कोठ्या असतात. वीस-पंचवीस टक्के ओलाव्याला सोंगून, गरम हवेने वाळवून त्यात साठवतात आणि भावाची वाट बघतात, आपण चाळीत कांदा ठेवतो तसं.

'फॅमिली ऑपरेशन' म्हणजे घरची शेती, शस्त्रक्रिया नव्हे. 'कस्टम वर्क' म्हणजे आपल्या यंत्राने दुसऱ्याचं काम भाड्याने करणं. 'चोअर्स' म्हणजे सकाळ-संध्याकाळचं गोठ्याचं काम. 'वॉकिंग बीन्स' म्हणजे सोयाबीनच्या तासांतून चालत हाताने तण काढणं. तणनाशकं सरसकट होण्याआधी घरातल्या पोरांचा अख्खा जून-जुलै त्यात जायचा. बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडणं हाही शाळकरी पोरांचा उन्हाळी रोजगार. आणि जुन्या पिढीच्या तोंडी 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते 'सपर'. 'त्या शेतात डिनर घेऊन जात' याचं 'रात्रीचं जेवण' केलंत तर प्रसंगच बदलतो.

'होम प्लेस'ला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: मळ्यातली वस्ती. तिकडे शेतकरी गावठाणात राहत नाही, आपल्या जमिनीवरच राहतो. शेजारी अर्ध्या मैलावर. नाशिककडच्या मळेवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

शेजाऱ्यांनी सोंगणी पुरी केली, ती इर्जिकच. मिडवेस्टात ही जुनी रीत आहे. सोंगणीत कोणी गेला, आजारी पडला, की आजूबाजूची माणसं कंबाइन, धान्यगाड्या, ट्रक घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकतात, डिझेलही स्वतःचंच. आपल्या इर्जिकीत परतफेडीचा हिशेब मनात असतो, तिकडे नसतो, एवढा फरक लिहा. किती कंबाइन आली, किती एकर झाली, बायकांनी जेवण कुठे वाढलं, हे आकडे मिळाले तर पुस्तिकेचं पहिलं पान तेच करा.

गोदाकाठ:

शीर्षक 'अमेरिकेतील बळीराजा' द्यावं. आणि रामकुंडावर त्यांच्या नावाने तर्पण करता येईल, आपलेपणाचं वाटेल.

शरणपूर रोड:

दोन्हींबद्दल वेगळं मत आहे. बळीराजा ही आपल्या मातीतली कथा, तिचा भार लुथरन किंवा मेथडिस्ट अशा ख्रिस्ती पंथाच्या घरातल्या माणसावर टाकला की तो माणूस हरवतो. नाव आणि खाली 'शेतकरी, आयोवा', इतकं पुरेसं आहे.

तर्पणाचं आधी सूनबाईला आणि तिच्या आईला विचारा. त्यांना हवं असेल तर जरूर करा. न विचारता करू नका, दफन झालेल्या माणसाच्या घरच्यांना ते परकं वाटू शकतं. फोटोला हार, समई, दोन मिनिटं स्तब्धता यांत सहसा कोणाला अडचण नसते, तरी विचारलेलं बरं.

'कै.' लिहू नका, तो कैलासवासी आहे. 'दिवंगत' लिहा. मराठी ख्रिस्ती घरांत 'ख्रिस्तवासी' म्हणतात, तोही चालेल. मृत्युवार्तेतले धर्मविषयक शब्द आपल्याकडच्या ख्रिस्ती मराठीत तयार आहेत, ते नव्याने घडवू नका: बाप्तिस्मा, दृढीकरण, उपासना, पाळक, दफनविधी. कॅथलिक असतील तर पाळकाऐवजी फादर आणि उपासनेऐवजी मिस्सा. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचायचं असेल तर मराठी पवित्र शास्त्रातूनच वाचा, इंग्रजीवरून स्वतः भाषांतर करू नका. शरणपूरच्या चर्चमधल्या कोणाला वाचायला बोलावलंत तर सूनबाईला बरं वाटेल.

दफनानंतर चर्चच्या तळघरात मंडळीतल्या बायका जेवण देतात. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, चौकोनी कापलेले गोड बार, कॉफी. हे लिहा. तेराव्याला पंगतीत वाढणाऱ्या शेजारणींशी वाचक ते आपोआप जोडतील. तुम्ही जोडून दाखवायची गरज नाही.

पंचवटीकर:

फार उपयोगी. 'टाइल' आणि 'डिनर' दोन्ही चुकलेच असते. आणखी दोन प्रश्न. डुकरं पाळण्याचा उल्लेख गाळावा का? सभेला काही माळकरी मंडळी आहेत. आणि १९७९ची जमीन, १९९८ला डुकरं बंद, या नुसत्या तारखा कोरड्या वाटतात. त्यामागे काही असेल का?

जुने कागद:

गाळू नका. आयोवा हे अमेरिकेत सर्वांत जास्त डुकरं असलेलं राज्य आहे, आणि मका घरच्या डुकरांना घालून विकणं हा तिथल्या लहान शेतकऱ्याचा दीडशे वर्षांचा हिशेब. मका विकून मिळतं त्यापेक्षा जास्त पैसा त्यातून यायचा, म्हणून डुकराला तिथे 'गहाण सोडवणारा' म्हणत. साध्या शब्दांत 'मका आणि वराहपालन' लिहा, माळकरी वाचकही समजून घेईल. व्यवसाय लपवला तर या माणसाने कर्ज कसं फेडलं हेच लपतं.

तारखांमागे पुष्कळ आहे. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य घेतलं, भाव चढले, बँका कर्ज देऊ लागल्या आणि जमिनीच्या किमती दरवर्षी वाढत गेल्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिकडच्या मध्यवर्ती बँकेने, महागाई रोखायला पैसा आवळला. १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. त्यात जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानवरून सोव्हिएत संघाला धान्यबंदी झाली. आयोवात जमिनीची किंमत १९८१ मध्ये शिखरावर होती. १९८६ पर्यंत ती साठ टक्क्यांहून जास्त कोसळली. एकराचं तारण निम्म्याहून कमी झालं, कर्ज तेवढंच राहिलं, बँका दारात आल्या आणि वस्त्यांवर लिलाव होऊ लागले. १९८५ मध्ये इलिनॉयमधल्या शॅम्पेनला 'फार्म एड'ची पहिली मदत-मैफल झाली ती याच संकटासाठी.

म्हणजे तुमच्या व्याह्यांनी ८० एकर घेतली ती जवळपास सर्वांत चढ्या भावाला, आणि ती शेवटपर्यंत राखली. हे कसं जमलं, हा विहीणबाईंना विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सरळ 'कर्ज किती होतं' असं विचारू नका. असं विचारा: ती जमीन कोणाकडून घेतली? बँकेकडून, की मूळ मालकालाच हप्त्याने पैसे दिले? व्याज ठरलेलं होतं की बदलतं? त्या वर्षांत त्या स्वतः बाहेर नोकरी करत होत्या का? त्या काळात पुष्कळ शेतकरी घरांत बायकोचा शाळेतला, दवाखान्यातला पगार आणि त्याबरोबर मिळणारा आरोग्यविमा यांवर घर तगलं. मृत्युवार्तेत हे बहुधा येत नाही. तसंच जमाखर्चाच्या वह्या, सोंगणीत धान्यगाडी चालवणं, थंडीत जन्मलेल्या पिलांना दिव्याखाली ठेवणं, ही कामं कोणाची होती तेही विचारा. कर्जाची रक्कम मिळाली तरी छापू नका. संकटाचं वर्ष आणि घराने काय केलं एवढं पुरे.

१९९८. डिसेंबर १९९८ मध्ये जिवंत डुकराचा भाव पौंडाला दहा सेंटच्या आसपास आला, १९३० च्या मंदीतल्या भावाला जाऊन टेकला. पाळण्याचा एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट. त्या हिवाळ्यात हजारो लहान शेतकऱ्यांनी गोठे रिकामे केले आणि पुढे धंदा मोठ्या बंदिस्त फार्मांकडे गेला. पण तुमच्या घरातलं कारण तेच असेल असं गृहीत धरू नका. पाठीचं दुखणं असेल, मुलगा शिकायला गेला असेल. विचारा.

लष्कराबद्दल एक इशारा. १९६८ ते १९७० म्हणजे व्हिएतनामचा काळ आणि सक्तीची भरती, पण त्या काळात गेलेला प्रत्येकजण व्हिएतनामला गेला नव्हता. कित्येकजण जर्मनीत, कोरियात किंवा अमेरिकेतच होते. मृत्युवार्तेत ठिकाण नसेल तर 'लष्करात दोन वर्षं सेवा' इतकंच लिहा. दफनाच्या वेळी घडी घातलेला तिकोनी राष्ट्रध्वज विहीणबाईंच्या हाती दिला असेल, तो फोटो असेल तर खाली नीट ओळ द्या.

आजोबांपासूनची जमीन शंभर वर्षं एकाच घरात असेल तर आयोवा राज्य 'सेंच्युरी फार्म' म्हणून तिची नोंद करतं, १९७६ पासून. वस्तीच्या तोंडाशी पाटी असते. पाटीचा फोटो मागवा.

बोलणं फोनवर असेल तर रेकॉर्ड करू का ते आधी विचारा. एकदम दोन तास नको, पाऊण तासाच्या दोन बैठका करा. पहिल्या बैठकीत फोटो समोर ठेवून फक्त 'हा कोण, कुठला, साल काय' विचारा. आठवणी आपोआप निघतात. 'ते कसे होते' या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर येतं, चांगले होते. त्याऐवजी 'पावसाने पेरणी थांबली की दिवसभर काय करत', 'मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला सोंगणीतून येत का', 'जत्रेत मुलीचं वासरू कितवं आलं' असं विचारा. तिथे गावोगाव शेतकऱ्यांच्या मुलांची फोर-एच नावाची संघटना असते. मूल वर्षभर वासरू किंवा डुकराचं पिलू वाढवतं आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत रिंगणात फिरवतं. बाप मुलांशी कसा होता हे त्या एका उन्हाळ्यावरून कळतं.

फोटो: लहान फोटो ६०० डीपीआयला, मोठे ३०० ला स्कॅन करायला सांगा. मागच्या बाजूला लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले तर दाबले जातात आणि छपाईत चौकडे दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. बियाणे कंपनीची टोपी घातलेला फोटो असेल तर मुखपृष्ठावर तोच घ्या, टोपी कापू नका. ती टोपी रोजच्या कामाची असते, आपल्याकडच्या पांढऱ्या टोपीसारखी.

गोदाकाठ:

शीर्षकाचा आग्रह सोडला. एक सुचवतो. हरितक्रांतीचे गहू शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग आयोवातलेच, क्रेस्को गावाजवळ १९१४ मध्ये जन्मलेले. १९६६ मध्ये आलेलं मेक्सिकन बुटक्या गव्हाचं बियाणं आपल्या घराघरात पोचलं. निफाडला गहू संशोधन केंद्र असल्याने हा दुवा तिथल्या मंडळींना लगेच कळेल.

जुने कागद:

एका वाक्यात घ्या, तेही 'आयोवा' या शब्दाची ओळख करून देताना. लेख व्याह्यांचा आहे. मोठं नाव दोन वाक्यं टिकलं की सगळं लक्ष तिकडे जातं.

पंचवटीकर:

विहीणबाईंशी पहिली बैठक झाली. ८० एकर शेजारच्या म्हाताऱ्या मालकाकडून थेट हप्त्याने घेतली होती, ठरलेल्या व्याजाने. त्या १९७४ पासून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. सोंगणीला शेजाऱ्यांची सात कंबाइन आली होती, उरलेली १९० एकर एका दिवसात झाली. पहिला परिच्छेद असा केला आहे, बघा:

'ऑक्टोबरच्या एका सकाळी सात कंबाइन एकाच वावरात उतरली. वावराचा मालक चार दिवसांपूर्वी गेला होता. आयोवातल्या या जमिनीवर त्यांचे आजोबा आले, वडील राबले आणि १९४८ साली याच वावरात त्यांचा जन्म झाला. अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद, १६० एकर. त्या दिवशी शेजाऱ्यांनी १९० एकर मका आणि सोयाबीन सोंगलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढणाऱ्या त्यांच्या पत्नीला त्या दिवशी स्वयंपाक करू दिला नाही.'

मळेकरी:

चांगलं उतरलंय, शेवटचं वाक्य तर राहू द्याच. तीन दुरुस्त्या. 'एकाच वावरात' नको, कारण १९० एकर १६० मध्ये मावत नाही. कंबाइन दोन-तीन तुकड्यांवर विभागली असणार, 'वस्तीवर उतरली' करा. 'याच वावरात जन्म' हे तपासा. १९४८ पर्यंत तिकडे बाळंतपणं बहुधा इस्पितळात होत, 'याच वस्तीवर वाढले' बिनधोक आहे. आणि मका आणि सोयाबीन एकाच दिवशी निघालं का ते विचारा. कंबाइनचं पुढचं तोंड दोन्हींना वेगळं लागतं, आणि सोयाबीन सहसा आधी निघतं. सात यंत्रं असतील तर वाटून शक्य आहे, पण खात्री करा.

शब्दशोधक:

विहीणबाईंना व्हिडिओवरून जोडणार असाल तर वेळ आत्ताच पक्की करा. सध्या आयोवा आपल्या साडेदहा तास मागे आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेअकरा तासांचा होतो. तुमची सभा दुसऱ्या रविवारी आहे. आपली संध्याकाळची साडेसहा म्हणजे त्यांची सकाळचे सात. आजच्या फरकाने आठ कळवलंत तर त्या तासभर उशिरा येतील. रविवार आहे, पुढे त्यांना चर्चची उपासना असेल, तेव्हा त्यांचं बोलणं सुरुवातीलाच ठेवा.